रस्त्यावरची उपासना

मंगळवार असूनही अख्खी मंडळी चर्च सोडून वस्तीच्या रस्त्यावर, बुलडोझरसमोर उपासनेला बसली होती. "ह्यांना माझ्याच बाळाचा बाप्तिस्मा सापडला?" तान्ह्या लेकीला छातीशी घट्ट धरत सलोमी नवऱ्यापाशी पुटपुटली.

"उपासना संपली की घरं पाडणार," अधिकारी खेकसला. "आटपा!"

स्थगितीचा आदेश घेऊन वकीलबाई कोर्टातून निघाल्या होत्या, पण अजून पोचल्या नव्हत्या. कपाळावर पाणी पडताच लेक रडली. आता फक्त शेवटचा आशीर्वाद उरला. सलोमीला कधी एकदा वस्तीबाहेरचं आपलं घर गाठते असं झालं होतं.

तेवढ्यात तिला समोरच्या झोपडीतली बाई दिसली. बाळाला कडेवर घेऊन ती झोळीची साडी सोडत होती.

पाळकसाहेबांनी आशीर्वादासाठी हात उचलला.

"थांबा, पाळकसाहेब!" सलोमी ओरडली. "आधी गीत घ्या. सगळी कडवी. आणि ध्रुवपद दोनदोनदा!"