मुखपृष्ठावरचे युनूसभाई

जिल्ह्याच्या नवकल्पना धोरणासाठी लोकांच्या सूचना घ्यायला आम्ही नेरला बैठक ठेवली होती. ऐन वेळी माइक बंद पडला, म्हणून समोरच्या दुकानात फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या युनूसभाईंना बोलावून आणलं. त्यांनी माइक सुरू केला, दोनदा 'हॅलो' म्हणून पाहिलं आणि त्याच्यावरच बोलायला लागले, "साहेब, कपाशी फवारताना औषध नाकातोंडात जाते ना, त्याच्यासाठी मी पंपाले एक..."

"पाहुणे खोळंबलेत, युनूसभाई," म्हणत मी माइक त्यांच्या हातातून काढून घेतला. फोटोग्राफरनं तेवढ्यात फोटो काढून ठेवला होता.

चार महिन्यांनी धोरणाचं पुस्तक छापून आलं. मुखपृष्ठासाठी सगळ्यात बोलका फोटो मीच निवडला, माइक हातात घेतलेले युनूसभाई. खालची ओळही माझीच, 'लोकांच्या तोंडून आलेलं धोरण'.

एक प्रत द्यायला मी त्यांच्या दुकानात गेलो. स्वतःचा फोटो पाहताच त्यांनी घरात बायकोला, जोहराबींना हाक मारली, शेजारच्या चहावाल्या बाबारावांना बोलावलं, मला स्टूल दिलं. मग हात पुसले, पुस्तक डोळ्यांना लावलं आणि माझ्याच हातात परत ठेवलं.

 

"मी उर्दू शाळेत शिकलो, साहेब, मले मराठी वाचाची सवय नाही. मी बोललो थे कोणत्या पानावर हाय, जरा वाचून दाखवा ना सगळ्याइले."