टेलरमास्तरांच्या टाळ्या

टेलरमास्तर चाळीस वर्षं सत्तरच्या दशकातल्या एकाच हार्ड रॉक रेकॉर्डसोबत गिटार वाजवत आले होते. शेवटच्या गाण्यातला सुसाट तुकडा मात्र दर वेळी त्यांना तोंडघशी पाडायचा.

आज दुपारी कात्रीने घट्टे पडलेली त्यांची बोटं कुठेच अडखळली नाहीत. मास्तरांनी मैदान मारलं.

गाणं संपलं आणि स्पीकरमधून टाळ्यांचा कडकडाट झाला.

"जमलं की हो," बायको दारातून म्हणाली. मग तिने स्पीकरकडे पाहिलं. "पण ही स्टुडिओतली रेकॉर्ड ना? हिच्यात टाळ्या कधी होत्या?"

मास्तरांनी गिटार उतरवून ठेवली, रेकॉर्डवरची सुई उचलली, मग प्लगही काढला. टाळ्या वाढतच गेल्या.

"वन्स मोअर, मास्तर," हजारो गळ्यांतून आवाज आला.

मास्तरांनी ताठ मानेने गिटार पुन्हा गळ्यात अडकवली.