दोनशे किलो
बाबांच्या दुरुस्तीच्या दुकानावर पाटी आहे, ‘फेकण्याआधी दाखवा’. पालिकेचा कचऱ्याचा फॉर्म मीच भरला. जुन्या सुट्या भागांना त्यात रकानाच नव्हता, म्हणून ‘कचरा’समोर दोनशे किलो लिहिलं आणि बाबांनी डोळे झाकून सही ठोकली. आज पालिकेची कचरागाडी आली. बाबा सुट्या भागांच्या खणांना पाठ लावून उभे राहिले. “अहो, यावरच लोकांचे पंखे फिरतात!” गाडीबरोबर आलेल्या साहेबाने तो फॉर्म नाचवला. “काका, कचरा तुम्हीच म्हणालात. तो महिन्याच्या वर साठवता येत नाही. देता, की दुकानाला सील लावू?” चाळीस वर्षांत भरलेले खण अर्ध्या तासात मोकळे झाले. गाडी वळते न वळते तोच शेजारच्या काकू मिक्सर घेऊन आल्या. “भावजी, एवढं खालचं रबर झिजलंय बघा.” बाबांचा हात सवयीने तिसऱ्या खणात गेला आणि रिकामाच परतला. “वहिनी,” ते पाटीकडे न बघता म्हणाले, “फेकून द्या.”