राखीव गडी

पुण्याच्या एका हुतूतू संघात भुकूमचा नाथा दोन वर्षं राखीव गडी होता. त्याचा बाप बाजी रोज सकाळी शेळीच्या दुधाची किटली एस्टीत चढवायचा. नाथा ती स्टँडवर घ्यायचा आणि संघाची खबर कंडक्टरपाशी द्यायचा. संध्याकाळी रिकामी किटली उतरवून घेताना बाजी विचारायचा, "आज कोण खेळलं? कोण बसलं?" कधी न पाहिलेल्या त्या पोरांचा दम, गुडघे, खोडी, सगळं त्याला पाठ होतं.

त्या संध्याकाळी कंडक्टर स्वतः खाली उतरला.

"बाजीबा, नाथाचं नाव कमी केलं. सरावाला यायचा तो साताऱ्याकडचा पोरगा घेतला."

"डाव्या अंगानं चढाई करतो त्यो?" बाजी जरा थांबला. "मीबी त्यालाच घेतला असता."

मग त्याला दिसलं, ट्रंक घेतलेला नाथा कंडक्टरच्या मागंच उभा होता. बापलेक घराकडं चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी किटली घेऊन फाट्यावर नाथा आला.

"आता कुणाला रे ही?" कंडक्टरनं विचारलं.

"साताऱ्याच्या गड्याला द्या. त्याचं घर लांब हाय, त्याला कोण दूध धाडणार?" नाथा खिडकीजवळ सरकला. "आन् सांजच्याला त्यानं किती गडी मारलं, ते आबाला आठवणीनं सांगा. कालपासनं आबा कुनाचीच चौकशी करंना."