थोपटणारा हात

आमचा दिगू लेकीला थोपटतो की माशी हाकलतो, देव जाणे. एक हात तिच्या पाठीवर, दुसऱ्यात मोबाईल. बोट मोबाईलवर सरकलं की थोपटणं थांबतं आणि पोर टक्क जागी. सून दवाखान्यात रात्रपाळीला लागल्यापासून रोज हेच.

“आई, ही तिच्या आईशिवाय झोपतच नाही. सांगतो बायकोला, सोड नोकरी.”

मी मोबाईल हिसकावून कमरेला खोचला, दिवा मालवला. दिगू चडफडला. पोर रडली, लाथा झाडल्या तिनं. मग त्याचा हात एका लयीत पडू लागला. पोरीनं त्याचा कान मुठीत धरला, आईचा धरते तसा, आणि झोपली.

दिगूनं लगेच मोबाईलसाठी हात पुढे केला. मी पदर घट्ट खोचला.

“तिची नोकरी राहील, दिग्या. सोडायचाच, तर हा सोड.”