पुरळ

"हे जंगल आज तोडायचं," सलूनवाला म्हणाला आणि त्याने ड्रायव्हरला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. "माझ्याच दुकानात येऊन दाढी वाढवतोस? गिऱ्हाइकांनी बघितलं तर धंदा बसेल माझा."

दुकान त्या दिवशी बंद होतं, शटर अर्धं खाली ओढलेलं. बंदच्या दिवशी ड्रायव्हर न चुकता यायचा आणि दोघं गप्पा हाणत बसायचे. ओळख कॅन्सरच्या वॉर्डातली, लागून असलेल्या खुर्च्यांवर सलाइन घेताना झालेली. दोघांचाही आजार फुप्फुसातून बाहेर पसरलेला. तेव्हापासून ते एकमेकांना 'शेजारी' म्हणत. औषधाचं सलाइनही त्यांनी बरोबरच बंद केलं होतं. उरलेले दिवस तरी तोंडाला चव असू दे, असं ठरवून.

"राहू दे रे शेजारी. तुला धाप लागते."

"धाप मला लागते, वस्तऱ्याला नाही. मान वर कर."

साबणाचा फेस लावताना ड्रायव्हरने दोनदा तोंड वेडंवाकडं केलं. सलूनवाला हसला. एवढा मोठा बसचा ड्रायव्हर आणि ब्रशला घाबरतो! त्याने कानशिलापासून वस्तरा खाली ओढला आणि हात थांबवला. केसांखाली गाल लालभडक होता. बारीक, पिकलेल्या पुळ्या, एकीला लागून एक.

आयुष्य लोकांचे गाल बघण्यात गेलेलं. घामोळं त्याला कळायचं, वस्तऱ्याची जळजळ कळायची. हे त्यातलं काही नव्हतं. पण हे त्याने पाहिलेलं होतं. वॉर्डात एक शिक्षिका यायच्या, त्यांच्या तोंडावर. त्या लाजून पदराने गाल झाकायच्या आणि नर्स म्हणायची, "अहो बाई, झाकताय काय, मिरवा! पुरळ उठलं म्हणजे गोळी लागू पडतेय."

त्या गोळीसाठी सगळा वॉर्ड देव पाण्यात घालून बसायचा. गाठीचा तुकडा तपासायला जायचा. गाठीच्या जनुकांत एक ठरावीक बिघाड सापडला, तर सलाइन बंद, रोज घरी एक गोळी, आणि माणूस बराच जास्त जगायचा. नाही सापडला, तर आहे ती खुर्ची आणि आहे ते सलाइन. "जन्मभर गाडीत बिघाड नको म्हणून जपलं," ड्रायव्हर तेव्हा म्हणाला होता, "आणि आता म्हणतोय, बाबा, एक तरी निघू दे." दोघांचे रिपोर्ट एकाच दिवशी आले होते. दोघांच्याही गाठीत काही निघालं नव्हतं. निदान ड्रायव्हरने तसं सांगितलं होतं.

सलूनवाल्याने वस्तऱ्यावरचा फेस टॉवेलला पुसला.

"तुझ्यात निघाला बिघाड," तो म्हणाला.

ड्रायव्हरने आरशातली नजर खाली घेतली.

"तुझा रिपोर्ट आधी आला," तो म्हणाला. "तू बाहेर येऊन म्हणालास, 'काही नाही निघालं, पण तू आहेस ना सोबत.' मग मला आत बोलावलं. बाहेर आलो तर तू तिथेच उभा, माझी वाट बघत. तुझं तोंड बघून बोलवेना."

"ते जाऊ दे. सलाइनचं बोल. मी बादलीत ओकत होतो, तेव्हा माझ्या पाठीवर हात ठेवून काय म्हणालास? पुरे झालं शेजारी, मी थांबतोय."

"मला गोळी सुरू करायची होती, म्हणून डॉक्टरांनीच सलाइन थांबवायला सांगितलं होतं. तू पण थांबशील हे मला काय माहीत?"

"थांबलो ते तर दिसलं ना तुला? दर आठवड्याला येऊन दिसत होतं ना?"

सलूनवाल्याने वस्तरा मिटून खाली ठेवला. इतके आठवडे तो या माणसाशी मरणाच्या गोष्टी करत होता. बायकोला सांगता येत नव्हतं ते सगळं सांगत होता. आणि हा समोर बसून मान डोलवत होता, घरी जाऊन गोळी घेत होता. आजार कळला त्या दिवशीही त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

"गोळीनेही कायमचं बरं होत नाही रे," ड्रायव्हर घाईघाईने म्हणाला. "दोन वर्षं, तीन वर्षं. फार तर."

"फार तर?"

ड्रायव्हरने जीभ चावली. "उद्याच जाऊ आपण डॉक्टरांकडे. तुझं सलाइन परत सुरू करू. मी नेतो तुला."

"बायको घेऊन गेली होती गेल्या आठवड्यात. डॉक्टर म्हणाले, आता अंगाला झेपायचं नाही. उशीर झाला." सलूनवाला धाप आवरायला थांबला. "तुला बोललो नाही मी. म्हटलं, हा पण याच वाटेवर आहे. ऐकून उगाच धसका घेईल."

ड्रायव्हर रडायला लागला. फेसातून ओघळ खाली आले. त्याने उठायला खुर्चीच्या हातांवर जोर दिला.

"बस," सलूनवाला म्हणाला. "अर्धी दाढी करून मी अजून कुणाला बाहेर पाठवलं नाही."

त्याने परत फेस लावला. दोन्ही गालांवर तो एकेका पुळीला वळसा घालत गेला. वस्तऱ्याचे दोन हात झाले की दम खायला थांबला, पण रक्ताचा एक थेंब येऊ दिला नाही. मग कोमट पाण्याने चेहरा पुसला, गळ्याभोवतीचं कापड काढून झटकलं, आणि वाकून शटर वर ढकललं.

"पुढच्या आठवड्यात येतो मी," ड्रायव्हर दारात उभा राहून म्हणाला. "येऊ ना, शेजारी?"

"दुसरं सलून बघून ठेव," तो म्हणाला. "तुझी दाढी वाढत राहणार आहे."