शकूरभाईच्या जीपचे दिवे

सत्यभामानं भाजीची पिशवी खाली ठेवली आणि रस्त्यापलीकडे पुन्हा एकदा पाहिलं. सहदेवच्या दुकानासमोर शकूरभाईची जीप उभी होती. उघड्या बॉनेटमध्ये दोन डोकी वाकलेली होती. एक सहदेवचं, तिच्या नवऱ्याचं. दुसरं करिष्माचं.

करिष्मा म्हणजे शेजारच्या मॅचिंग सेंटरची मालकीण. ब्लाउजपीस, अस्तर, दोऱ्याची रिळं विकणारी बाई. तिचं जीपच्या इंजिनात काय काम?

धाड गावच्या बाजारात माणसाला माणूस घासत होता, तरी सत्यभामाला दिसायचं ते दिसलंच. लाल साडीतल्या करिष्मानं सहदेवचं मनगट धरलं आणि त्याचा हात अलगद आत नेला. तो हसला. नावच सत्यभामा, मत्सर काही तिला शेजारणीकडून उसना आणावा लागला नाही. आणलेली वांगी तिथंच विसरून ती घरी आली.

सहदेव गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. पंधरा वर्षांत त्याच्या हातून गेलेली एकही गाडी जळली नव्हती. शकूरभाईचं शेत घाटाखाली, वाट नाल्यातून, म्हणून त्यांना जीपला पुढं चार मोठे दिवे हवे होते. मागं एकदा दुसऱ्या कुणाकडून बसवून घेतले, तर वायर वितळून बॉनेटमधून धूर निघाला. गाडीत त्यांची नात गुलनाज होती. तेव्हापासून शकूरभाई सहदेवशिवाय कुणाला जीपला हात लावू देत नव्हते.

"दिवा काय, कोणीबी पेटवते," सहदेव म्हणायचा. "वायर नाई पेटली पाह्यजे."

बॅटरीजवळ फ्यूज, मध्ये रिले, पत्र्यातून वायर जाते तिथं रबर. यातलं काही तो कधी सोडायचा नाही. सत्यभामाच्या डोक्याला मात्र असा फ्यूज कुणी बसवला नव्हता.

"करिष्मा आज तुमच्या दुकानात होती?" जेवताना तिनं विचारलं.

"हाव."

"काऊन?"

"असंच. तिले माल कळते."

"कोणता माल?"

सहदेवनं भाकरी कुस्करली. "भामे, जेवू दे ना."

हल्ली त्याचं हे असंच. बोलताना तिच्या तोंडाकडे बघायचं सोडून खांद्यावरून पलीकडे कुठंतरी बघत बसायचा. मोटरसायकल दोन महिने ओट्याला टेकलेली. डॉक्टरांनी पायी चालायला सांगितलंय म्हणे. चहासुद्धा बिनसाखरेचा.

"चालते तं चालते," शेजारची बेबीताई पाणी भरताना म्हणाली होती, "पण एकटा कुठी चालते? नाक्यावर ते करिष्मा वाट पाहत उभी राह्यते. मंग दोघं जोडीनं जाते."

बेबीताईला तेल ओतायची हौस होती, पण खोटं बोलायची सवय नव्हती. हेच वाईट.

जेवणं उरकल्यावर सत्यभामानं पेटीतली नवी साडी काढली. हिरवीगार, दिवाळीला घेतलेली, घडी न मोडलेली. नेसून ती त्याच्यासमोर उभी राहिली. अठरा वर्षांच्या संसारात असा हट्ट तिनं कधी केला नव्हता.

"कशी दिसून राह्यली मी?"

सहदेवनं मान वर केली. बराच वेळ पाहिलं.

"झ्याक," तो म्हणाला. "लाल रंग तुले शोभतेच."

सत्यभामानं आपल्या हिरव्या पदराकडे पाहिलं. लाल? लाल तर आज ती नेसली होती! समोर बायको उभी आणि मनात ती रिळंवाली. सत्यभामाला रडू आलं नाही. तिचा जीव नुसता जळत राहिला.

सकाळी अंगणातून त्याचा दबका आवाज आला. कानाला फोन होता.

"आज शेवटचं जोडायचं हाय. तू नसती तं माह्यं काई खरं नव्हतं, करिष्मा. अन् भामाले यातलं काई कळू देऊ नको, बरं."

आता उरलं काय होतं? तो गेल्यावर सत्यभामानं तीच हिरवी साडी नेसली. दोऱ्याचं रीळ गुंडाळावं तसा आपला संसार ती बाई गुंडाळून नेणार आणि आपण भाकऱ्या थापत बसायचं? आज सोक्षमोक्ष.

ती पोचली तेव्हा दुपारचं ऊन तापलं होतं. शकूरभाई पलीकडच्या हॉटेलात चहा पीत होते. करिष्मा आपल्या दुकानात पाठमोरी, कुणाला तरी अस्तर मोजून देत होती. सहदेव जीपपाशी एकटाच होता. चारही दिवे बसवून झाले होते. त्याच्या हातात दोन वायरी होत्या आणि तो त्यांची टोकं अंगठ्यानं चाचपत होता.

वाटेत सत्यभामानं शिव्यांची उजळणी केली होती. पण आता तिनं ठरवलं, तोंडातून एक शब्द काढायचा नाही. नुसतं समोर उभं राहायचं. आपल्याला पाहून त्याचा चेहरा कसा पडतो, तेवढंच पाहायचं.

ती त्याच्यापासून दोन हातांवर उभी राहिली, भर उन्हात. तिच्या बांगड्या वाजल्या.

सहदेवनं मान वर केली आणि थेट तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला नाही. गिऱ्हाइकाकडे पाहून हसावं तसा तो हसला आणि दोन्ही वायरी त्यानं तिच्यापुढं धरल्या.

"ताई, करिष्मा येईपर्यंत जराक सांगता काय... यातली लाल कोणती?"